पावसाळी बंदी आणि गाबोळी

१ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीवरच्या बंदीमुळे मुंबईतल्या वर्सोवा, मढ, मनोरीच्या यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात. समुद्र खवळलेला असतो हे कारण आहेच, पण या दिवसांत अनेक मासे अंडी घालतात. पोटात गाबोळी भरलेली मादी जाळ्यात आली की पुढची पिढीच जाते. तरी केवळ बंदी पुरेशी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. बोंबिलाचा विणीचा काळ जवळजवळ वर्षभर चालतो. दोन महिन्यांची विश्रांती त्याला कितीशी पुरणार? म्हणून २०२३ मध्ये महाराष्ट्र राज्याने ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली, ते योग्यच झालं. पापलेट १३५, बोंबील १८० मिलिमीटर. त्याहून लहान पकडायचा नाही.

यावर कोळी बांधवांचा आक्षेप खरा आहे: डोल जाळ्यात लहानमोठं एकत्रच येतं, आणि वर काढलेलं पिल्लू सहसा जगत नाही. म्हणूनच लांबी मोजायची ती बंदरावर नव्हे, जाळ्याच्या आसातच, म्हणजे छिद्राच्या आकारातच. आस मोठा असेल तर पिल्लू पाण्यातच निसटतं. अशा जाळ्याचा खर्च एकट्या होडीवाल्यावर टाकणं मात्र अन्यायाचं आहे. तळहातापेक्षा लहान पापलेट स्वस्तात मागणारं अंधेरी-बोरिवलीचं गिऱ्हाईकही त्यात भागीदार आहे.