पर्वतीची चढण आणि छातीतील कळ

वजन उतरविण्याच्या निश्चयाने पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढू लागलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाची छाती मध्यावरच आवळून येते, कळ डाव्या हातात वा जबड्यात उतरते आणि कठड्याला टेकून क्षणभर थांबताच ओसरते, तेव्हा तो ती बहुधा पित्ताच्या खाती जमा करतो. वस्तुतः श्रमाने उठणारी व विश्रांतीने शमणारी ही वेदना विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ सालीच वर्णिली होती. अरुंद झालेल्या रोहिणीतून हृदयाच्या स्नायूस वाढीव रक्त पोहोचत नाही, हे तिचे मूळ. मधुमेहींना व स्त्रियांना कित्येकदा कळीऐवजी नुसती धापच लागते. डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत चढण तहकूब ठेवावी. आणि थांबूनही कळ शमली नाही, तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.