फरशीखालचे पाइप : आधी बघा, मग झाका

नवे घर घेताना आपण ओटा बघतो, कपाटे बघतो, बाथरूमच्या टाइल्सचा रंग तर चार दुकाने हिंडून ठरवतो. पण त्या टाइल्सच्या पोटात काय आहे, हे विचारायचे कुणाला सुचत नाही. मग एक दिवस खालच्या मजल्यावरच्या वहिनी दारात येतात, “अहो, आमच्या छताला ओल आलीय!” तिथून जी कटकट सुरू होते, ती शेजारपणही नासवते.

वरच्या मजल्यावर बाथरूम-संडासाचा स्लॅब बहुधा फूटभर खाली घेतात. याला ‘संकन स्लॅब’ म्हणतात. सांडपाण्याचे पाइप या खड्ड्यात बसवून वर विटांचे तुकडे भरतात, कोबा करतात आणि टाइल्स लावतात. एकदा हे झाले की पाइपापर्यंत जायची वाट एकच, छिन्नी-हातोडा!

म्हणून काम चालू असतानाच एवढे करून घ्या :

● खड्डा भरण्याआधी त्यात पाणी साठवून निदान 48 तास ठेवा. खालून छत कोरडे राहिले, तरच पुढचे काम करू द्या.

● शेजारी टेप धरून पाइपांचे फोटो काढा. भिंतीपासून पाइप किती अंतरावर आहे, ते कळले पाहिजे.

● खड्ड्याच्या तळातून डक्टमध्ये एक बारीक पाइप काढायला सांगा. आत पाणी मुरले, तर ते तिथून ठिबकते आणि वेळीच कळते.

● डक्टमध्ये माणूस शिरेल एवढी जागा आणि पाइपाच्या वळणावर उघडता येणारे झाकण हवेच.

● त्याच टाइल्सची एखादी पेटी जादा घेऊन ठेवा. पुढे तो रंग मिळेलच असे नाही.

स्वतःचा दुमजली बंगला असेल, तर पाइप स्लॅबच्या खाली टांगून घ्यायचीही सोय असते. खालून खोटे छत आणि त्याला काढता येणारी फळी केली, की फरशीला हात न लावता दुरुस्ती होते.

घर आधीच बांधून झाले असेल, तर ओल दिसताच फोडाफोडीची घाई करू नका. दोन दिवस नीट लक्ष ठेवा. बाथरूम न वापरताही ओल वाढत असेल, तर नळाच्या पाइपाचा संशय घ्या. आंघोळीनंतरच वाढत असेल, तर दोष सांडपाण्याच्या पाइपात किंवा टाइल्सच्या सांध्यांत असू शकतो. सांधे भरणे स्वस्तातले काम, ते आधी करून बघा. फोडणे अगदी टळलेच नाही, तर वॉटरप्रूफिंगचा थर पुन्हा करून घेतल्याशिवाय टाइल्स लावू देऊ नका. ओल अंगावर काढू मात्र नका, स्लॅबमधली सळई गंजते.

नव्या फ्लॅटवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे, ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या. पाइपांचे फोटोही घराच्या कागदपत्रांबरोबरच जपून ठेवा.