पोटावरची चरबी आणि आतली सूज



पाय मुरगळला की सुजतो, लाल होतो, गरम लागतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे डागडुजीला धावतात. काम झाले की सूज उतरते. ही सूज आपल्या भल्याची. पण दुसरी एक सूज दिसत नाही, दुखत नाही आणि वर्षानुवर्षे उतरत नाही. ती बहुतेकदा पोटातल्या चरबीत सुरू होते.

चरबीच्या पेशी गरजेपेक्षा जास्त भरल्या की ताणतात, काही मरतात. मग पांढऱ्या पेशी तिथेच ठाण मांडतात आणि सूज वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडत राहतात. त्यामुळे इन्सुलिनचे काम मंदावते, साखर वाढते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होऊन तिथे थर बसतात. मधुमेह आणि हृदयविकार एकाच माणसाला जडतात, त्यामागचे हे एक मोठे कारण.

"मी तर बारीक आहे, मला काय होणार?" असे वाडीत पुष्कळजण म्हणतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचे उत्तर स्वतःच्याच शरीरावरून दिले. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपली आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांची तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के!

याज्ञिकांच्या पथकाने १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांतल्या मातांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदम्प्टनमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. आईला गरोदरपणी पुरेसे पोषण न मिळण्याशी याचा संबंध आहे.

आपल्या आज्या-पणज्या अर्धपोटी राबल्या. आज त्याच घरांत साखर, मैदा, तेलकट खाणे स्वस्तात येते. म्हणून पोट सुटलेल्या माणसाला 'खादाड' म्हणून हिणवू नका. त्याला तपासणीला न्या.

घरी काय कराल?

शिवणकामाची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून पोटाचा घेर मोजा. बाईचा ८० सेंटिमीटर (साडेएकतीस इंच) आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटर (साडेपस्तीस इंच) याच्या पुढे असेल तर सावध व्हा.

भाताचा ढीग कमी करून डाळ, कुळीथ, पालेभाजी, ताजी मासळी वाढवा. मासळी तळण्याऐवजी कालवण करा. चहातली साखर आणि बिस्किटे कमी करा. रोज अर्धा तास झपझप चाला. मिश्री, तंबाखू, विडी सोडा. त्यांनीही ही सूज वाढते. ७० किलोच्या माणसाने ४-५ किलो घटवले तरी फरक पडतो. पोटाला पट्टा बांधून किंवा काढा पिऊन आतली चरबी जात नाही. चालू गोळ्या मनाने बंद करू नका.

वय ३० च्या पुढे असेल तर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी आणि साखर मोफत तपासून घ्या. आशाताईंना विचारा. आणि घरातल्या मुलीला, गरोदर सुनेला शेवटी उरलेले वाढू नका. तिच्या ताटात डाळ, अंडे, मासळी आधी पडली पाहिजे. पुढच्या पिढीची तब्येत तिथूनच सुरू होते.