बूर-सँ-प्येर : एका घाटमार्गावरील ग्रामनाम

स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतातील फ्रेंचभाषक पश्चिम भागात, ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीच्या उत्तर उतारावर, सुमारे १,६०० मीटर उंचीवर वसलेल्या बूर-सँ-प्येर या गावाची लोकसंख्या दोनशेच्या आसपास असली, तरी त्याच्या नामाभिधानात साठलेला इतिहास एखाद्या मोठ्या नगरीस शोभावा असा आहे.

नावातील ‘सँ-प्येर’ म्हणजे ख्रिस्ताचे शिष्य संत पीटर. ज्या काळी खिंडीवर आजची सुप्रसिद्ध धर्मशाळा नव्हती, त्या नवव्या शतकात आल्प्स ओलांडून रोमकडे जाणाऱ्या यात्रेकरूंना याच संताच्या नावाच्या येथील मठात आसरा मिळत असे. ‘बूर’ हे पद मूळ जर्मानिक असून उत्तरकालीन लॅटिनमधून फ्रेंचमध्ये उतरले. आरंभी त्याचा रोख तटबंदीच्या ठाण्याकडे होता, पुढे ते बाजारपेठेच्या कसब्यासही लागू झाले.

खिंडीच्या नावाची कथा मला याहूनही मनोवेधक वाटते. रोमन अमदानीत माथ्यावर ज्युपिटरचे देवालय होते, म्हणून त्या पर्वतास लॅटिनमध्ये ‘मॉन्स योव्हिस’ आणि पुढे फ्रेंच मुखी ‘माँ-झू’ म्हणत. अकराव्या शतकाच्या मध्यास संत बर्नार्ड यांनी तेथे धर्मशाळा स्थापली आणि कालांतराने प्राचीन देवतेच्या जागी संताचे नाव रूढ झाले. गावातून जाणारा हा मार्ग मात्र चालूच राहिला, आणि मे १८०० मध्ये नेपोलियनची फौज तोफांसह याच वाटेने इटलीत उतरली.