धाक नव्हे, धीर हवा



मागील वर्षी आमचा एक विद्यार्थी रस्त्यावरील अपघातातून वाचला. जखमा भरल्या, तो शाळेत येऊ लागला. पण हॉर्न वाजताच दचके, व्हॅनमध्ये बसायला नकार देई. आम्ही त्याला हट्टी ठरवून रागावलो. ती आमची चूक होती.

प्रसंग सारखा डोळ्यांपुढे येणे, वाईट स्वप्ने, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणे, दचकणे, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली, तर तो आघातोत्तर तणाव विकार असू शकतो. लहान मुले तोच प्रसंग खेळातून पुनःपुन्हा मांडतात. १९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर अनेकांच्या मनालाही उपचारांची गरज भासली होती.

हा भित्रेपणा नव्हे, आजार आहे. आणि त्यावर उपचार आहेत. मुलाला खोदून विचारू नका. ते बोलेल तेव्हा शांतपणे ऐका. दिनक्रम नियमित ठेवा. मनोविकारतज्ज्ञांना दाखवण्यात संकोच नको. शासनाची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

घरी असे काही घडले असल्यास वर्गशिक्षकांना अवश्य कळवा. आम्ही यापुढे आधी विचारपूस करू, मग शिस्त.

— प्राचार्य