सेशन शून्यात ‘ओके’ दाबायला कुणी नसतं

विंडोजचा लॉगिनचा पडदा दिसेपर्यंत आत बरीच कामं सुरू झालेली असतात. प्रिंटची रांग सांभाळणारा स्पूलर, अँटिव्हायरस, अपडेट या सगळ्या सर्व्हिसेस. त्यांचा मुक्काम सेशन शून्यात, म्हणजे विंडोजच्या शून्य क्रमांकाच्या सत्रात.

एक्सपीपर्यंत पहिल्यांदा लॉगिन करणारा माणूसही याच सेशनमध्ये असायचा, आणि त्यातच धोका होता. एका डेस्कटॉपवरची कुठलीही विंडो दुसरीला संदेश पाठवू शकायची. तो कुणी पाठवला हे घेणारीला कळायचं नाही. साधा प्रोग्राम अशा संदेशांच्या जोरावर सर्वाधिकार असलेल्या सर्व्हिसकडून आपला कोड चालवून घेऊ शकतो, हे क्रिस्टिन पेजेट यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं. हाच ‘शॅटर अटॅक’. २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाने सेशन शून्य फक्त सर्व्हिसेससाठी राखून ठेवलं. माणसं सेशन एकपासून पुढे. अनेक प्रोग्रामरना हा बदल जाचला. माझ्या मते तो आधीच व्हायला हवा होता.

जाच होतो तो असा. रोज रात्री एक्सेलमधून अहवाल काढणारा प्रोग्राम आपण समोर बसून चालवतो, तेव्हा बिनचूक चालतो. सर्व्हिस म्हणून लावला की गप्प. फाइल दुसऱ्या कुणी उघडलेली असते. एक्सेल तसा डायलॉग दाखवतं, पण कुणालाच न दिसणाऱ्या डेस्कटॉपवर. मग ते ‘ओके’ची वाट पाहत राहतं, आणि टास्क मॅनेजरमध्ये सगळं सुरळीत दिसतं. झेड ड्राइव्ह सापडत नाही, कारण तो आपल्या लॉगिनपुरता जोडलेला असतो. रजिस्ट्रीतली वैयक्तिक सेटिंग्ज आता आपली नसतात, सर्व्हिस ज्या लोकलसिस्टिम खात्याखाली चालते त्याची असतात. आपला नेहमीचा प्रिंटरही त्यांच्यासोबत जातो. नुसत्या नावाने मागितलेली फाइल सिस्टिम३२ फोल्डरात शोधली जाते. या खात्याच्या प्रोफाइलमध्ये ‘डेस्कटॉप’ नावाचा रिकामा फोल्डर केला, की अडलेलं एक्सेल फाइल उघडू लागतं, हा तोडगा कित्येकांनी वापरला आहे. ‘डेस्कटॉप’ फोल्डर असणारच, एवढं एक गृहीतक मोडलं होतं, म्हणून ते अडलं होतं!

सर्व्हिसमधून ऑफिस चालवू नका, असं मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगतं. सेशन शून्यातला डायलॉग दाखवणारी एक सोय व्हिस्टापासून होती. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ आवृत्तीत तीही काढली. तेव्हा हिशेबाचा गाभा विंडोपासून वेगळा लिहावा, ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरचा पूर्ण पत्ता द्यावा, आवश्यक तेवढेच अधिकार असलेलं खातं नेमावं आणि चूक झाली तर ती लॉगमध्ये नोंदवावी.