लिनक्स मेळाव्यात मदतीला बसताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने बंद केला. विंडोज ११ अनेक जुन्या संगणकांवर चालत नाही. म्हणून दुकानातला धडधाकट संगणक भंगारात देण्यापूर्वी व्यापारी बांधवांनी लिनक्सचा विचार करावा. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली सुरू केलेल्या या प्रणालीच्या बहुतेक आवृत्त्या मोफत मिळतात आणि त्यांच्या प्रती वाटण्याची मुभा असते. चोरीच्या सॉफ्टवेअरवर हलाल कमाईचा हिशेब ठेवणे ज्यांना खटकते, त्यांची ती अडचण इथे दूर होते.

नवशिक्यांना लिनक्स बसवून देण्यासाठी स्वयंसेवक मेळावे भरवतात. अशाच एका मेळाव्यात मी मदतीला होतो. त्यासाठी इंजिनिअरच असावे लागते असे नाही. आम्हा कापडवाल्यांनाही ते जमते. मात्र पेन ड्राइव्ह लावण्याआधी विचारावे, "भाईजान, उधारीचे खाते यात आहे का? त्याची दुसरी प्रत कुठे आहे?"

कारण लिनक्स बसवताना 'संपूर्ण डिस्क पुसा' असा एक पर्याय समोर येतो. तो चुकून निवडला, तर वर्षांचा हिशेब गेला! एक जरीवाले "बॅकअप आहे" असे ठामपणे म्हणाले. उघडून पाहिले, तर शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची. आम्ही त्या दिवशी फक्त नवी प्रत काढून दिली व त्यांना परत पाठवले. ते जरा नाराज झाले, पण लोकांचा हिशेब ही अमानत आहे.

प्रत तपासल्यावर लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहावे. लिनक्स मिंटसारख्या आवृत्तीत ही सोय आहे. डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय, प्रिंटर, उर्दू-मराठी टायपिंग तेव्हाच तपासावे. ४ जीबी रॅम असली तर साधे काम निभते. पत्रे व कोष्टकांसाठी लिबरऑफिस मोफत आहे.

टॅली आणि उर्दूचे इनपेज मात्र विंडोजसाठी बनलेले आहेत. ज्याचा धंदाच त्यांवर चालतो, त्याला आग्रह करू नये. डिस्कवर जागा असेल तर दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवता येतात. त्यासाठीही आधी बॅकअप हवाच.

निघताना पासवर्ड मालकाच्या हाताने वहीत लिहून घ्यावा, आणि संगणक एकदा त्यालाच बंद करून पुन्हा सुरू करायला लावावा.